मोरीतला पाट

आमच्या बाबांना कुठलाही कागद हातात आला की आधी उन्हात धरून बघायची सवय होती. कचेरीत जमिनीची जुनी दप्तरं त्यांच्या ताब्यात असत. जन्मभर खोट्या सह्या, खाडाखोड आणि मागाहून घुसडलेली नावं बघून त्यांची नजरच तशी झाली होती, आणि ती नजर काही घरी आल्यावर शर्टासोबत खुंटीला टांगता येत नसे. दूधवाल्याचं दूध ते बोटावर घेऊन बघत. पाहुण्यानं सांगितलेली गोष्ट तासाभरानं पुन्हा विचारत, आणि दोन्ही वेळी सारखीच निघाली तर उलट जास्त संशय घेत. आईचं तंत्र वेगळं. कागदावर तिचा पूर्ण भरवसा, पण माणसाच्या हातापायांवर नाही. कोण उंबऱ्यावर पाय देऊन आलं, कुणी भरल्या ताटाकडे जरा जास्त वेळ बघितलं, कुणी लिंबू कुठे टाकलं, हे तिला बसल्या जागेवरून दिसे. माझ्या वाट्याला दोन्हीकडचं आलं आहे. आजही कुणाच्या घरी गेले तर नळाला आधी उलटा हात लावते आणि मगच तोटी धरते. माझी नातवंडं हसतात. हसू देत. त्या सवयीमागे आमच्या वहिनीची गोष्ट आहे आणि ती त्यांना एकदा धड सांगायची राहून गेली आहे.

आर्णीतलं आमचं घर म्हणजे पुढे ओसरी, मधे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून मोरी. मोरीत शहाबादी फरशी, भिंतीतून आलेला लोखंडी पाइप आणि त्याला पितळेची तोटी. नळ रोज येत नसे, आणि आला तरी करंगळीएवढा. त्या वर्षांत लाईटचंही तेच. नळ आणि लाईट दोन्ही एकाच वेळी हजर असणं म्हणजे घरात सणच, गुंड, बकेटा, कळशा, हाताला लागेल ते भांडं मोरीकडे धावे. कापसाचे दिवस तर असे वाईट होते की गावात कुणाचं बोलणं दुसऱ्या विषयावर टिकत नसे. हंगामात रात्रंदिवस कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाचा घरघराट ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो होतो, आणि तो आवाज बंद पडल्यावर आईला झोप लागेनाशी झाली. पानठेल्यावर, शाळेत, लग्नाच्या पंगतीत, जो तो दुसऱ्याच्या मापाकडे, वजनाकडे, शब्दाकडे संशयानं बघायचा. आमचं घर त्यात फार वेगळं होतं असं आता वाटत नाही.

अशा दिवसांत वैशाखात दादाचं लग्न झालं. वहिनी मारेगावची. तिचे वडील गोविंदराव तिथल्या एका जिनात नोकरीला होते, आणि ते जिनही तेव्हा बंदच होतं. तरी त्यांनी आंदणात भांडी, पलंग दिला आणि वर एक पाण्याची मोटर दिली. आर्णीच्या नळाला जोर नाही हे त्यांनी सोयरीक जुळवतानाच हेरलं होतं. हिरव्या रंगाची, झळझळीत मोटर. आईनं तिला हळदीकुंकू लावलं. बाबांनी मात्र चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे बराच वेळ बघितलं. नाव, नंबर जिथे असायला हवा त्या पत्र्यावरूनही रंग फासलेला होता. "नवी हाये ना?" त्यांनी विचारलं. गोविंदरावांनी हात जोडले, म्हणाले, "चालते चांगली, साहेब." बाबांच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं. पण लग्नघरात तेवढ्यावर बोलायचं बाबांनी टाळलं.

मोटर ओसरीच्या कोपऱ्यात बसली. रस्त्यापासून तिच्यापर्यंत प्लास्टिकचा पाइप, तिच्यापासून मोरीपर्यंत जुना लोखंडी. तिचं बटण बाबांच्या खुर्चीजवळ, कारण दुसऱ्या कुणी ते दाबलेलं त्यांना चालत नसे. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून, कोळसा-मीठ भरून त्यात तार सोडली होती. दादा पुसदला शाळेत मास्तर, शनिवारी येई आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जाई. म्हणजे आठवडाभर घरात बाबा, आई, मी आणि नवी सून. आईची कंबर धरलेली, ती पाटावर बसून स्वयंपाक करी. पाणी भरायचं काम साहजिकच वहिनीकडे गेलं.

पाणी भरताना ती पहिल्यांदा किंचाळली तेव्हा आम्हाला विंचू चावला असं वाटलं. तिच्या हातातली कळशी खाली पडली होती आणि ती हात छातीशी धरून उभी होती.

"काय झालं वं?" आई आतूनच ओरडली.

"नळाले करंट हाये, आत्याबाई."

आई कंबर धरत उठली. पण तेवढ्यात लाईट गेली होती. आईनं तोटी धरली, पिळली, सोडली. "कुठी हाये? मले त काई लागलं नाई."

मग हे पुन्हा पुन्हा होऊ लागलं. एखाद्या दिवशी होई, एखाद्या दिवशी नाही. मी तोटीला हात लावला तर मला फक्त बारीक मुंग्या आल्यासारखं वाटे, आणि तेही मनाचे खेळ असावेत असं मी समजे. बाबांना काहीच लागत नसे. शेवटी बाजारातला वायरमन सत्तारभाई आला. दुपारची वेळ, नळ कधीचा गेलेला, मोटर बंद. त्यानं तोटीला टेस्टर लावला, दिवा पेटला नाही. "काकू, इस नल में पानीच नहीं आता, करंट कहाँ से आयेगा?" म्हणाला, चहा प्याला आणि गेला. बाबांचा सत्तारभाईवरही विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःचा टेस्टर विकत आणला. पण कचेरीतून येत संध्याकाळी आणि तेव्हा लावून बघत. त्याही वेळी मोटर बंदच असे, पण तिकडे आमचं कुणाचं लक्ष गेलं नाही.

आषाढात वहिनी माहेरी गेली, पोळ्याच्या सुमाराला परत आली. आल्यावर उरलेला पावसाळा आणि हिवाळाभर तिला एकदाही करंट लागला नाही. आईनं याचा अर्थ सरळ लावला. "माहेरी जाऊन आली अन् करंट पळाला. कामाचा करंट होता तो." बाबांनी मान हलवली, आणि बाबांची मान कचेरीतल्या शिक्क्यासारखी असे. वहिनी सगळं ऐकून भाकरी थापत राहिली. तिच्या भाकरीचा आवाज मला अजून ऐकू येतो, आईच्या भाकरीपेक्षा तो हलका होता आणि मधेच थांबायचा.

पुन्हा उन्हाळा आला. अंगणातली जमीन भेगाळली. वहिनी या वेळी एकदाही ओरडली नाही. घरातल्या वस्तू मात्र जागा सोडू लागल्या. माझ्या रबरी चपला एक दिवस ओल्या सापडल्या. मी त्या दिवशी मोरीत गेलेच नव्हते. आमच्याकडे लेक चपला घालून घरभर फिरली तरी चाले, बाबांच्या टाचांना भेगा म्हणून तेही घालत, पण सुनेनं सासऱ्यासमोर पायात घालायची पद्धत नव्हती. मग एके सकाळी आईला जेवणाचा पाट मोरीत दिसला. त्यावर वहिनी उभी होती, आणि पदराचा कोरडा शेव तोटीला गुंडाळून पाणी भरत होती. आई दारातूनच परत फिरली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"कुंदा, तिनं पाट मोरीत मांडला. अन्नाचा पाट! अन् नळाले कपडा बांधून राह्यली. हे सादं नाई."

"विचार ना तिला."

"विचारलं. म्हनते, पाय घसरते म्हून. पाटावर पाय घसरत नाई काय? ओला पाट त अजून घसरते."

आईचं हे म्हणणं अगदी बरोबर होतं, त्यामुळे मलाही भीती वाटली. आधीच्या उन्हाळ्यातला खोटारडेपणाचा संशय आता करणीवर आला होता. पाट कुठे, कपडा कुठे, कुठल्या वारी, कुठल्या वेळेला, आई डोळ्यात तेल घालून बघू लागली. बाबांनी विचार करून आपला निकाल दिला, की पोरीचं डोकं ठीक नाही आणि सोयऱ्यांनी ते लपवलं, मोटरीवरच्या रंगासारखं. गोविंदरावांना निरोप गेला, येऊन मुलीला घेऊन जा, बरी झाली की पाठवा. शनिवारी आलेल्या दादानं एकदा तोंड उघडलं आणि बाबांनी बघितल्यावर मिटलं. आमच्या आळीतून अशी 'बरी व्हायला' गेलेली एक सून मला ठाऊक होती. ती परत आलेली मी पाहिली नव्हती, तिचं नाव निघालं की बायका विषय बदलत. वहिनीचं तेच होणार होतं.

बारावीचे आमचे वर्ग त्या उन्हाळ्यातच सुरू झाले होते. फिजिक्सचे सर फळ्यावर विभवांतर, विद्युतधारा, रोध असे शब्द लिहीत आणि मग आमचे चेहरे बघून सोप्यावर येत. "उंचावर पाण्याची टाकी आहे, तिचा दाब म्हणजे व्होल्टेज. नळातून वाहतं पाणी म्हणजे करंट. पाइप जितका बारीक, तितका रेझिस्टन्स जास्त." मागून एक पोरगा म्हणाला, "सर, आर्णीत टाकीच रिकामी असते." वर्ग हसला. सरही हसले, म्हणाले, "म्हणून तर लाईट गेल्यावर वायरी जोडणारे सगळे शूर दिसतात." मग गंभीर होऊन त्यांनी सांगितलं, की झटका बसतो तो अंगातून करंट वाहतो म्हणून. व्होल्टेज ढकलतं, रोध अडवतो. एकच तार चौघांनी धरली तर ढकलणारा जोर चौघांना सारखा, पण वाहणारा करंट प्रत्येकाचा वेगळा. कोरडी कातडी, कोरडा कपडा, लाकूड, रबर यांचा रोध भरपूर. ओली कातडी आणि ओली जमीन यांचा अगदी थोडा.

मी घरी निघाले तेव्हा ऊन असं होतं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. रबरी चप्पल सोडवत पाऊल उचललं आणि तिथेच उभी राहिले. चप्पल. पाट. कोरडा पदर. रबर, लाकूड, कपडा. आईनं करणी म्हणून मोजलेली एकेक वस्तू सरांनी तासाभरापूर्वी वर्गात सांगितली होती! आमच्या घरात एकच तोटी चौघं धरत होतो. बाबा चपलेत, मी चपलेत, आईनं धरली तेव्हा लाईट गेलेली. अनवाणी, ओल्या पायांनी, मोटर चालू असताना तोटी धरणारी घरात एकटी वहिनी होती.

दुसऱ्या दिवशी नळ आला, लाईट होती, बाबांनी मोटर लावली. वहिनी गुंड घेऊन आत गेल्यावर मी मोरीत शिरले, चपला काढल्या, फरशीवरच्या पाण्यात पाय भिजवले आणि तोटीला उलटा हात लावला. उलटा का, तर सत्तारभाईनंच एकदा सांगितलं होतं, सरळ हात आवळला जातो आणि सुटत नाही. झटका कोपरापर्यंत गेला.  मागे वळले तर दारात वहिनी उभी.

दुपारी आई कुरडया राखत ओसरीवर पेंगत होती, तेव्हा मी वहिनीला मागच्या अंगणात गाठलं. "तुला माहीत होतं?"

"माहीत हाये, ताई. मोटर सुरू असली का चावते. बंद असली का नाई."

"मग सांगत काहून नाही?"

तिनं पदर तोंडाशी धरला. "मागच्या आखाडात माहेरी गेलती तवा आईनं सांगतलं. मोटर नवी नाई. जिनातली हाये, मजुराच्या पान्याच्या टाकीची. जिन बंद पडलं तवा बाबानं घेतली, आतली तार नवी भरून आनली, सोताच्या हातानं रंग देल्ला. दुसरं काई देनं होत नोतं त्याईच्यानं. आता मी मोटरीचं नाव घेऊ काय? सारे म्हनतीन, बापानं पोरीले भंगार देल्लं. माह्या बाबाले इथं कोनी बोललं त मले जमनार नाई."

"आणि तू मेलीस तर?"

"मले काय, पाट हाये," ती म्हणाली.

मला इतका राग आला की रडू आलं. रागावले कुणावर, ते तेव्हा कळत नव्हतं. तिनं मला शपथ घातली, मला न्यायला बाबा येऊन जाईपर्यंत तरी बोलू नका. माहेरी गेले तर गेले, पण मोटरीचं निघायला नको. मी हो म्हणाले. पण गप्प बसवेना. पावसाळ्यात करंट का लागत नव्हता, हे आता मला उघड दिसत होतं. तेव्हा अंगणातला खड्डा ओला होता, मोटरीतून सुटलेला करंट तारेवाटे तिथे जमिनीत मुरून जात होता. आता खड्डा ठणठणीत कोरडा, त्याचा रोध वाढलेला, आणि करंटाला वाट राहिली होती ती वहिनीच्या ओल्या पायांची. मी तांदूळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी त्या खड्ड्यात ओतू लागले, पण तेवढ्यानं त्याची तहान भागत नव्हती. आईनं ते पाहिलं. संध्याकाळी माझ्यावरून मीठमोहरी उतरवून चुलीत टाकली आणि ती किती तडतडते ते कान देऊन ऐकत बसली.

गोविंदराव आले त्या सकाळी नळाला पाणी होतं. "बाबा, आज जोर आहे पाण्याला, मोटर नका लावू," मी म्हटलं.

"तुले कायचं माहीत?" बाबांनी माझ्याकडे कागद बघावा तसं बघितलं आणि बटण दाबलं.

पहिल्या गाडीनं आलेले गोविंदराव दारात उभे राहिले. हातात कैऱ्यांची पिशवी, चेहरा ओढलेला, पाय धुळीनं भरलेले. त्यांनी दाराशी चपला काढल्या. सोयरा दारात आला की पाय धुवायला तांब्या देतात. आईनं दिला नाही. ती मुद्दाम आत वळली. गोविंदराव थोडा वेळ तसेच थांबले. मग, आपल्याला तांब्या मिळत नाही हे समजून, कुणाला ओशाळं वाटू नये अशा बेतानं स्वतःच मोरीकडे निघाले. वहिनी भरलेला गुंड कमरेवर घेऊन स्वयंपाकघरात गेली होती. मोरीत तोटी चालू, खालची कळशी भरून पाणी वाहत होतं. पाण्याचे हाल पाहिलेला माणूस. वाया जाणारं पाणी दिसताच पाय धुवायचं विसरून ते ओल्या फरशीवर अनवाणी उतरले आणि तोटी बंद करायला वाकले.

"बाबा, हात नोका लावू!"

एवढा मोठा आवाज वहिनीचा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. कमरेवरचा गुंड खाली आदळला, पाणी स्वयंपाकघरभर झालं. "हात नोका लावू बाबा, करंट हाये! मोटर चावते!"

गोविंदरावांचा हात तोटीपासून वीतभर अंतरावर थांबला होता.

"झालं सुरू," आई म्हणाली. "पाहा, तुमच्या डोयानं पाहा."

"आई, ती खरं सांगते आहे," मी ओरडले. "मीही धरून बघितला आहे." मी ओसरीवर धावले आणि बटण बंद केलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. त्यांना सांगून काही पटत नसे. टेबलाच्या खणातून त्यांनी टेस्टर काढला, मला मोटर पुन्हा लावायला सांगितली, आणि गोविंदरावांना बाजूला सारून तोटीला टेस्टर टेकवला. आतला बारीक दिवा लाल झाला. त्यांनी टेस्टर काढला, पुन्हा लावला. पुन्हा लाल. मग मोटर बंद करायला सांगितली. दिवा विझला. एवढं झाल्यावर ते खाली बघत उभे राहिले.

गोविंदराव मोरीतच उभे होते. "साहेब," ते म्हणाले, "मोटर जुनी हाये. रंग मी देल्ला. पन भरून घेतली होती, चालवून पाह्यली होती. असं होईन हे मले ठाऊक नोतं." मग मुलीकडे वळले. "तुले कवापासून माहीत हाये वं?"

 वहिनी बापाचे हात आपल्या हातात घेऊन उलटेपालटे करून बघत होती, त्याला काही झालं तर नाही ना म्हणून.

बाबा काहीतरी बोलतील अशी मला भीती होती. भंगार, फसवणूक, लपवाछपवी, सगळे शब्द त्यांच्याकडे तयार असत. पण ते हातातल्या टेस्टरकडे बघत होते. आई मात्र भिंतीला टेकून ठेवलेल्या पाटाकडे बघत होती. लाकूड पाण्यानं काळं पडलं होतं. "म्हून पाट," ती हळूच म्हणाली. मग माझ्याकडे आली. "चपला काढ."

मी काढल्या. आईला वाकता येत नसे. तरी ती कंबर धरून वाकली, चपला उचलल्या आणि ओल्या फरशीवर वहिनीच्या पायांपुढे ठेवल्या.

"घाल."

वहिनीनं बाबांकडे पाहिलं. सासरा समोर उभा होता. पाय उचलेना. बाबांना ते कळलं असावं, कारण टेस्टर खिशात ठेवायचं निमित्त करून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ते तसेच उभे राहिले. वहिनीनं चपला पायात घातल्या. मापाला मोठ्या होत्या. मग तिनं तांब्या घेतला, बकेटीतलं पाणी भरलं, आणि बापाचे पाय धुवायला ती चालत गेली तेव्हा आमच्या त्या घरात सुनेच्या चपलांचा आवाज आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदा ऐकला.